३६ आठवड्यांचं बाळ, वजन २०८० ग्रॅम: घरी कांगारू केअर कशी करायची आणि दूध किती पाजायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बायको बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी आहे. ३६ आठवडे १ दिवस भरले असताना सिझेरियन झालं, मुलगी आहे. जन्माचं वजन २१५० ग्रॅम होतं, चौथ्या दिवशी १९८० झालं, आज अकराव्या दिवशी २०८०. मधे कावीळ वाढली म्हणून दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, ती आता उतरली आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: आईचंच दूध द्या आणि जमेल तितका वेळ कांगारू केअर करा, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरा. दवाखान्यात त्यांचा शिवलेला पट्टा होता. घरी तो नाही.

आता अडचणी. बाळ पाच-सात मिनिटं ओढतं आणि झोपून जातं, उठवलं तरी तोंड उघडत नाही. सासूबाईंचं म्हणणं, दूध पुरत नाहीये, वरचं सुरू करा. कापडाने बांधायचं तर कोणतं कापड घ्यायचं आणि कसं बांधायचं? बारशाच्या आधीच कुणीतरी कांगारू बॅग भेट दिली आहे, तिच्यावर ३.५ किलोपासून असं छापलंय, ती चालेल का? इथे पारा चाळिशीला टेकलाय, अशा उकाड्यात बाळाला छातीशी धरून ठेवणं बरोबर आहे का? आणि मी शनिवार-रविवार तिकडे जातो, तेव्हा मी बांधलं तर चालतं का?

---

पान्हा_आणि_पाळणा

आधी वजन बघू, कारण बाकीचे निर्णय त्यावरच आहेत. चौथ्या दिवसापर्यंत १७० ग्रॅम उतरलं, म्हणजे जन्माच्या वजनाच्या साधारण ८ टक्के. लवकर आलेल्या बाळाचं एवढं उतरतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. त्यानंतर सात दिवसांत १०० ग्रॅम वाढलं, म्हणजे दिवसाला १४ ग्रॅम. हे कमी आहे. या वजनाच्या बाळाने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास जन्माचं वजन गाठायला हवं. काटा वर जातोय पण हळू, त्यामुळे आजपासून पद्धत बदला. पावडरच्या दुधाचा डबा आणायची घाई नको.

पण त्याआधी एक विचारते: तिन्ही वजनं एकाच काट्यावर केली होती का? दवाखान्यातला इलेक्ट्रॉनिक काटा आणि बाहेरचा तराजू यांत ५०-६० ग्रॅमचा फरक सहज पडतो, मग ही सगळी आकडेमोड वाया जाते. इथून पुढे एकच काटा, बाळ पूर्ण उघडं, लंगोटसुद्धा काढून, आणि पाजण्याआधी. रोज करू नका. रोजच्या चढउताराने घरात फक्त वाद होतात. दोन-तीन दिवसांनी एकदा पुरे.

आता बाळ झोपतं का. ३४ ते ३६ आठवड्यांची बाळं दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळासारखीच असतात, म्हणून घरच्यांची फसगत होते. त्यांच्यात ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ अजून पक्का बसलेला नसतो आणि ताकद लवकर संपते. पाच मिनिटांत झोपलेलं बाळ पोट भरून झोपलंय असं वाटतं. खरं तर ते दमलेलं असतं. आईला दूध आहे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. शिवाय बाळाने नीट ओढलं नाही तर स्तन रिकामे होत नाहीत, आणि रिकामे न होणाऱ्या स्तनात दूध दिवसेंदिवस कमी बनतं. मग सासूबाईंचं म्हणणं आपोआप खरं ठरतं! तिथवर जाऊ द्यायचं नाही.

दर अडीच-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा असं करा.

पाजायच्या अर्धा तास आधी बाळ छातीशी उघडं ठेवा. ते आपणहून जीभ बाहेर काढायला, मुठी तोंडाकडे न्यायला लागलं की लगेच घ्या, रडण्याची वाट बघू नका. रडण्यातच त्याची निम्मी ताकद जाते. धरताना उलट्या हाताने धरा: डाव्या बाजूला पाजायचं तर उजव्या हाताने बाळाच्या मानेला आणि पाठीला आधार, डावा हात स्तनाखाली. सिझेरियनच्या टाक्यांवर भार येत असेल तर बाळाला काखेखालून बाजूला घ्या, पाय आईच्या पाठीकडे. डोक्याच्या मागून दाबू नका, त्याने बाळ उलट मागे ढकलतं. बोंडशी बाळाच्या नाकासमोर ठेवा, तोंड जांभई दिल्याएवढं उघडलं की बाळाला स्तनाकडे आणा. हनुवटी आधी टेकली पाहिजे. नीट लागलं असेल तर खालचा ओठ बाहेर मुडपलेला दिसतो आणि बोंडशीभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसतो.

ओढणं मंदावलं की स्तन पूर्ण हाताने धरून हळूच दाबा आणि दाबून ठेवा. दूध तोंडात आलं की बाळ पुन्हा गिळू लागतं. गिळणं थांबलं की सोडा, पुन्हा दाबा. गालाला टिचक्या मारण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त. दोन्ही बाजू मिळून १५ ते २० मिनिटं, त्याहून जास्त नाही. तासभर स्तनाशी लावून ठेवलेलं बाळ जेवढं पितं त्यापेक्षा जास्त खर्च करतं.

त्यानंतर पिळून काढलेलं दूध वाटी-चमच्याने. हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी द्यावं, तेवढ्यात आई पुढच्या वेळचं पिळून ठेवेल. सगळं मिळून पाऊण-एक तासात आटपलं पाहिजे, नाहीतर बाईला झोपच मिळणार नाही.

किती द्यायचं? दुसऱ्या आठवड्यात या वजनाच्या बाळाला किलोमागे दिवसाला १५० ते १८० मिली लागतं. तुमच्या बाळाला म्हणजे ३१० ते ३७५ मिली. आठ वेळा पाजलं तर एका वेळेला साधारण ४० ते ४७. यातलं काही ते अंगावर पिणारच. ते किती हे घरी कळत नाही, म्हणून प्रत्येक वेळी वरून २० मिलीपासून सुरू करा आणि तीन दिवसांनी वजन बघा. दिवसाला २० ग्रॅमच्या आत राहिलं तर ३० मिली. हा आकडा डॉक्टरांना फोनवर विचारून पक्का करा. दवाखान्यात ५ ग्रॅमपर्यंत अचूक काटा असेल तर पाजण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत वजन करून घ्या, जितके ग्रॅम वाढले जवळपास तितके मिली पोटात गेले. पण एकाच वेळच्या आकड्यावर जाऊ नका.

चोवीस तासांत सहा-आठ वेळा भरपूर शू आणि पिवळी शी होत असेल तर दूध पोचतंय. बाळ रडतं किंवा स्तन मऊ लागतात यावरून दूध कमी असल्याचा निष्कर्ष काढू नका.

---

घडी_आणि_गाठ

कापडाचं मी सांगते. कांगारू बॅग आत्ता कपाटात ठेवा. ३.५ किलो असं छापलंय त्याला कारण आहे: त्यात २ किलोचं बाळ खाली सरकतं, पाठीची कमान होते आणि हनुवटी छातीला चिकटते. एवढ्या लहान बाळाची श्वासनलिका मऊ असते, मान पुढे मुडपली की ती चेपते आणि बाळ आवाज न करता गुदमरतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० साली चार महिन्यांखालच्या बाळांसाठी कापडी झोळीवजा स्लिंगबद्दल याच कारणाने इशारा दिला होता. दिवस भरण्याआधी आलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांना हा धोका जास्त. आपल्याकडची साडीची झोळीही याच हिशोबात बसते, या बाळाला ती नको.

कांगारू केअरला लागतं ते कापड अगदी साधं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत साधारण १ मीटर चौरस कापड, तिरकी घडी घालून, असं दिलंय. सुती साडीचा पन्हा एक-सव्वा मीटर असतो, तेवढीच लांबी कापली की चौकोन तयार. पण त्याची तिरकी लांबी दीड मीटरच्या आसपास भरते. बारीक अंगाच्या बाईला ती पुरते, जरा भरलेल्या अंगाला बाळासकट गाठ मारायला कापड उरत नाही. म्हणून मी अर्धी साडी घ्या म्हणेन, अडीच मीटर. पन्ह्याच्या तीन घड्या केल्या की ३५-४० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा होतो, बाळाच्या कानाखालपासून ढुंगणाखालपर्यंत बरोबर येतो.

साडी धुऊन मऊ झालेली सुती हवी. उजेडासमोर धरून विरलेली नाही ना बघा, दोन्ही हातांनी ताणून बघा. फॉल लावलेला असेल तर उसवून टाका, ती कडक पट्टी बाळाच्या मानेला घासते. जरीचा काठ असेल तर तो घडीत बाहेरच्या बाजूला. नायलॉन, जॉर्जेट, सिल्क नको: गाठ सरकते आणि घाम शोषला जात नाही.

बांधताना आईने मागे टेकून बसावं, ब्लाउज पुढून उघडा, आत काही नको. बाळाच्या अंगावर लंगोट, टोपडं आणि पायमोजे, बस्स. दोन स्तनांच्या मधे बाळ उभं ठेवा, पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागाला टेकलेलं. डोकं एका बाजूला वळवून गाल छातीवर, हनुवटी किंचित वर. पाय बेडकासारखे गुडघ्यात दुमडून मांड्या फाकलेल्या, हात कोपरात दुमडून दोन्ही बाजूंना. पट्ट्याचा मध्य बाळाच्या पाठीवर ठेवा, वरची कड कानाच्या पाळीखाली. दुसऱ्या कुणीतरी दोन्ही टोकं आईच्या काखेखालून मागे न्यायची, पाठीवर फुली करून पुन्हा पुढे आणायची आणि बाळाच्या ढुंगणाखाली, जरा बाजूला गाठ मारायची. टाक्यांवर गाठ येऊ देऊ नका. पाठीमागे मारली तर टेकताना रुतते.

ताण कुठे हवा हे महत्त्वाचं. छातीवर घट्ट, बाळाच्या पोटावर थोडं सैल. बाळ पोटाने श्वास घेतं, तिथे आवळलं तर श्वासही अडतो आणि प्यायलेलं दूधही वर येतं. नवशिके नेमकं उलटं करतात: वरची कड भीतीपोटी सैल ठेवतात, मग पेंग आली की डोकं पुढे पडतं.

बांधून झालं की तीन गोष्टी तपासा. हनुवटी आणि छाती यांत दोन बोटं जातात का. मान खाली घालून बघितलं की बाळाचं नाक-तोंड उघडं दिसतं का. आणि आईने एक हात बाळाखाली ठेवून हळूच उभं राहिल्यावर बाळ खाली सरकतं का. सरकलं तर वरून ओढून दुरुस्त करत बसू नका, सोडून पुन्हा बांधा. वरून पुढे बटणं असलेला गाऊन किंवा नवऱ्याचा शर्ट.

या पद्धतीत खांद्यावरून कापड जात नाही, त्यामुळे ती टेकून बसायला आणि घरातल्या घरात सावकाश हिंडायला ठीक आहे. स्वयंपाक, जिना, दुचाकी, वाकून केर काढणं हे बांधलेलं असताना नाही.

बाबांनी बांधलं तर उत्तमच. छातीवरचे केस आड येत नाहीत. आंघोळ केलेली, अत्तर-डिओ न मारलेला, तंबाखू-सिगरेट नाही, खोकला-ताप नाही, एवढं पाळा. तुमच्या शनिवार-रविवारात बाईला सलग तीन तास झोप मिळाली तर दुधालाही त्याचा फायदा. आजीही बांधू शकते, आणि खरं सांगायचं तर आजीने एकदा बांधून घेतलं की घरातले निम्मे वाद मिटतात.

---

तिसरी_पाळी

नवजात कक्षातल्या कामाच्या अनुभवावरून उकाड्याचं आणि बाकीचं सांगते.

कांगारू केअर म्हणजे यंत्र परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, असा समज अजून आहे. सुरुवात तशी झाली हे खरं. कोलंबियात बोगोटा इथे १९७८च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी काचपेट्या (इन्क्युबेटर) कमी पडत होत्या म्हणून बाळं आयांच्या छातीशी बांधायला घेतली. पण २०२१ साली भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निकाल आले. १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर कांगारू केअर दिली, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. तुमचं बाळ त्यांच्यापेक्षा मोठं आहे, पण २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना दिवस न भरलेल्या आणि २.५ किलोखालच्या सगळ्याच बाळांना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. घरी ८ तास एका माणसाकडून होत नाहीत, वाटून घ्यावे लागतात. एका वेळी किमान एक तास तरी ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत काढलं तर बाळाची झोप मोडते आणि हाताळणीचाच ताण होतो.

उकाडा. बाळाच्या काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस हवं. डिजिटल थर्मामीटर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, तो घ्या आणि सुरुवातीचे दोन-तीन दिवस बांधल्यावर अर्ध्या तासाने बघा. ३७.५च्या वर गेलं तर आधी टोपडं, मग पायमोजे काढा, पट्ट्याच्या तीन घड्यांऐवजी दोन करा आणि अंगावरचा गाऊन सैल सोडा. तरीही उतरलं नाही तर बाळ काढून पातळ दुपट्यावर ठेवा, पाजा, वीस मिनिटांनी पुन्हा बघा. तापमान तरीही वरच राहिलं तर उन्हाळा समजून सोडून देऊ नका, दाखवून या. पंखा चालतो. कूलरचा ओला झोत थेट अंगावर नको. एसी असेल तर २६-२८ वर. पहाटे गारवा आला की उलटं होतं: तळपाय गार लागले तर टोपडं-मोजे परत, आणि तापमान ३६.५च्या खाली असेल तर त्या क्षणी सगळ्यात चांगला उपाय छातीशी धरणं हाच.

बाळंतिणीचं पाणी तोडू नका, खास करून या दिवसांत. पाजायला बसताना शेजारी तांब्या असू द्या. बाळाला मात्र पाणी नाही, थेंबभरही नाही, उन्हाळा असला तरी. बाळगुटी, मध, ग्राइप वॉटर, काही नाही. शेक घ्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने घ्या, पण ओवा-धुपाची धुरी बाळाच्या खोलीत नकोच. अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल खा. त्याने अंगात ताकद येते. दूध मात्र पिळण्यानेच वाढतं.

घडी_आणि_गाठ यांनी सगळं नीट सांगितलंय, एक भर घालते. बांधलेल्या बाळासकट झोप लागतेच. म्हणून सुरुवातीपासून पलंगावर तीन-चार उशा लावून पाठ उंच करा आणि जवळ कुणीतरी जागं राहू द्या. सोफा किंवा आरामखुर्चीत बाळ घेऊन डुलकी काढणं मात्र सगळ्यात धोक्याचं. फटीत बाळ सरकतं आणि कुणाला कळतही नाही.

लगेच दवाखान्यात न्यायची लक्षणं: सलग दोन वेळा पिणं नाकारलं, मिनिटाला ६० हून जास्त श्वास (पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धं मोजून दुप्पट नको), श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं, ओठ निळसर, झटके, कावीळ तळहात-तळपायांपर्यंत, किंवा बाळ एकदम ढिलं पडणं. महाराष्ट्रात १०८ला फोन करा. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ची गाडी मोफत आहे. आणि आशाताई येतात का विचारा. बेचाळीस दिवसांत त्यांच्या घरभेटी ठरलेल्या असतात (३, ७, १४, २१, २८ आणि ४२वा दिवस), त्यांच्याकडे वजनकाटा आणि थर्मामीटर दोन्ही असतं. शहरात राहत असाल तरी वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा.

डी जीवनसत्त्वाचे थेंब दिलेच असतील, रोज ४०० युनिट. बाटलीवर एका मिलीत ४०० आहेत की ८०० ते वाचा. दोन्ही मिळतात आणि दुकानदार एकाऐवजी दुसरं देतो. ८०० असेल तर अर्धा मिली. मोठ्यांची ६०,००० युनिटची छोटी बाटली याच्या जवळपाससुद्धा ठेवू नका.

---

मीठभाकर

मधेच बोलतो, पण वरच्या दुधाची एवढी भीती कशाला? बाळ वाढत नसेल तर एक-दोन वेळा डब्याचं दिलं तर काय बिघडतं?

---

पान्हा_आणि_पाळणा

@मीठभाकर, भीती नाही, क्रम आहे. आईचं पिळलेलं दूध पुरत नसेल तर पुढचा पर्याय दुग्धपेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली, आता राज्यात इतरत्रही आहेत. पण ते दूध मुख्यतः दाखल असलेल्या आणि फार लहान बाळांसाठी असतं, घरी मिळणं अवघड. त्यानंतर डबा, तोही डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात. द्यावा लागलाच तर उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाऊ न देता आधी मोजून घ्या, मग पावडर. बहुतेक भारतीय डब्यांत ३० मिलीला एक सपाट चमचा असतो, तरी लेबल वाचाच. बाळाला देताना कोमट करून. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पातळ केलेलं दूध हे बाळ न वाढण्याचं फार नेहमीचं कारण आहे. आणि डबा दिला त्या वेळचं पिळणं चुकवायचं नाही. चुकवलं की शरीर तेवढं दूध कमी करतं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वजनं दोन काट्यांवरची निघाली, आता एकच वापरू. दोन प्रश्न राहिले. हाताने दूध पिळताना तिला फार थोडं येतं, दहा मिनिटांत दहा मिलीसुद्धा नाही. पंप घ्यावा का? आणि उजव्या बाजूला बाळ सुटल्यावर बोंडशी चपटी, तिरकी दिसते आणि आग होते. सासूबाई जुनं बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं) काढून बसल्यात, ते वापरायचं का?

---

पान्हा_आणि_पाळणा

उजव्या बाजूचं आधी. बाहेर येताना बोंडशी तिरकी कापल्यासारखी दिसते म्हणजे बाळ फक्त टोकाला धरतंय आणि टाळूवर ते चेपतंय. मलमाने हे बरं होणार नाही, धरणं सुधारावं लागेल. त्या बाजूला काखेखालून धरून बघा. दुखलं तर करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा, ओढून काढू नका. पाजून झाल्यावर दोन थेंब दूध लावून हवेवर वाळू द्या. साबण, हळद, तेल काही नको. स्तनाचा एखादा भाग लाल, कडक, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. त्या बाजूने पाजणं बंद करायचं नाही.

पिळण्याबद्दल: दहा मिनिटांत दहा मिली हे बहुतेक वेळा हाताच्या जागेमुळे होतं. बोंडशीला चिमटा घेतला तर दूध येत नाही आणि दुखतंही. हात धुवा, दोन-तीन मिनिटं कोमट ओलं फडकं ठेवा, बोटांच्या पेरांनी सगळीकडून हलकं चोळा. मग अंगठा वर आणि दोन बोटं खाली, बोंडशीच्या टोकापासून तीन-चार सेंटिमीटर मागे. आधी बरगडीकडे मागे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवरून घसरायला नकोत. पहिलं एखादं मिनिट थेंबही दिसत नाही, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. धार मंदावली की बोटं थोडी फिरवा, पूर्ण गोल होऊ द्या. एका बाजूला तीन-पाच मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली, अशी २० ते ३० मिनिटं. बाळ समोर असताना किंवा कांगारू केअर संपल्यावर लगेच जास्त येतं. दिवसरात्रीत आठ वेळा, त्यातली एक मध्यरात्रीनंतरची. दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं, ती वेळ चुकवू नका.

तीन-चार दिवस नीट पिळूनही एका वेळी २०-२५ मिलीच्या वर जात नसेल तर विजेवरचा पंप, शक्यतो भाड्याने. चाडी (पंपाचा स्तनाला लावायचा नरसाळ्यासारखा भाग) बोंडशीच्या मापाची घ्या. बोंडशी नळीत मधोमध सुटी हलली पाहिजे, घासता कामा नये आणि काळसर भाग आत ओढला जाता कामा नये. बहुतेक पंपांसोबत एकच माप येतं आणि ते बऱ्याच जणींना मोठं होतं.

दूध स्टीलच्या किंवा काचेच्या झाकणाच्या भांड्यात. खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर ४ तास टिकतं, सांगलीच्या उन्हाळ्यात तेवढी वाट बघू नका, सरळ फ्रीजमध्ये, आत मागच्या बाजूला. दारात ठेवू नका. या बाळासाठी २४ तासांत संपवा. गरम पाण्याच्या वाटीत ठेवून कोमट करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर ठेवायचं नाही.

बोंडलं कल्पना म्हणून वाईट नाही, दवाखान्यातली पळी त्याचीच बहीण. अडचण चोचीची. आत दूध सुकून राहतं, घासणी पोचत नाही. चोच आरपार दिसत असेल आणि दर वेळी धुऊन दहा मिनिटं उकळणार असाल तर वापरा. नाहीतर गोल, गुळगुळीत कडेची छोटी स्टीलची वाटी जास्त बरी. बाळ जागं, दुपट्यात हात गुंडाळून, जवळजवळ बसतं धरा. वाटीची कड खालच्या ओठावर टेकवा आणि दूध ओठाला लागेल इतकीच कलती करा. बाळ जिभेने चाटून, ओढून घेतं. तोंडात ओतू नका, ठसका लागतो. गिळेपर्यंत थांबा, मग पुढचा घोट. वीस मिलीला दहा-पंधरा मिनिटं लागली तरी चालतील.

---

घडी_आणि_गाठ

कांगारू केअर कधी थांबवायची हे विचारायचं राहिलं असेल, म्हणून सांगते. वजन २.५ किलोच्या पुढे गेलं, बाळंतपणाची मूळ तारीख जवळ आली की बाळच हातपाय बाहेर काढायला लागतं, वळवळतं, घाम येतो. तेव्हा सोडा, जबरदस्ती नको. ती बॅग ३.५ किलो झाल्यावर काढा, तीही आईकडे तोंड करून. आत बसवल्यावर मांड्या गुडघ्यांपर्यंत कापडावर टेकलेल्या हव्यात आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर. पाय सरळ खाली लोंबत असतील तर बूड अरुंद आहे, तसली बॅग खुब्यांना चांगली नाही. बदलून मिळत असेल तर पावती आत्ताच मागून ठेवा.

---

तिसरी_पाळी

आणि चौदाव्या दिवशी वजन २१५०च्या खाली असेल तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवून या. जाताना किती वेळा पाजलं, वरून किती मिली दिलं आणि किती वेळा शू झाली हे दोन दिवसांचं कागदावर लिहून न्या. पुढचं माप डॉक्टर त्यावरूनच ठरवतील.